गाडी ऐकणारे भाऊजी

फोन माझ्या भावाच्या मोबाइलवर आला. मी माहेरी, दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात होते. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस, सकाळपासून बागेत मजूर लागलेले, आणि मी भावजयीबरोबर त्यांच्यासाठी चहाचं पातेलं घेऊन निघाले होते. भाऊ वेलींच्या ओळीतून चालत आला तेव्हा त्याने मोबाइल छातीशी धरला होता. "योगेशभाऊजी गेले," तो म्हणाला. "झोपेतच. तुझ्या सासूबाई सकाळी उठवायला गेल्या तर…" मी पातेलं खाली ठेवलं नाही. सगळ्या मजुरांना चहा वाटला, रिकामे कप गोळा केले, आणि मग बांधावर बसून रडले. नाशिकला परत येताना आमची गाडी भावाने चालवली. मला जमलं नसतं.

योगेश म्हणजे माझे धाकटे दीर. वयाने माझ्याहून मोठे, पण मी वहिनी, त्यामुळे शेवटपर्यंत "अहो वहिनी". त्यांना लहानपणापासून फिट यायच्या. सासरे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तिथल्या कॉलनीत खेळता खेळता पहिली फिट आली, तेव्हा कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, आणि ते शुद्धीवर आले तेव्हा भोवती अख्खी कॉलनी जमली होती. त्या दिवसापासून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना मध्ये बसवायला सुरुवात केली. एसटीच्या बाकावर मध्ये, रिक्षात मध्ये, लग्नाच्या पंगतीत आई आणि बाबांच्या मध्ये. पडलं तर दोन्हीकडून धरायला माणूस हवं, एवढाच त्यात हिशेब. भाऊजी हसत सांगायचे, की खिडकीतून दिसणारं नाशिक मला माहीतच नाही, मला लोकांच्या खांद्यांमधून दिसणारं नाशिक माहीत आहे. हसत सांगायचे, पण एकदा नाही, बरेचदा सांगायचे.

मी लग्न होऊन आले तेव्हा घर नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये आलेलं होतं. संदीप, माझा नवरा, कंपनीत शिफ्टला. भाऊजी घरीच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचे. छापखान्याचा माणूस मजकूर देऊन जायचा आणि तयार झालेलं घेऊन जायचा. दुपारी जेवणं उरकली, की घरात असा सन्नाटा व्हायचा की मळ्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या आवाजावर वाढलेल्या मला कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. एक दिवस भाऊजींनी दारातून विचारलं, वहिनी, जरा गाडी चालवता का? मला वाटलं, चेष्टा करतायत.

गाडी कॉम्प्युटरमधली होती. रात्रीच्या शहरातल्या रस्त्यांवर शर्यती लावायचा तो खेळ. ओळखीच्या एका सायबर कॅफेवाल्याकडून त्यांनी सीडी आणली होती. शर्यत जिंकली की नवे सुटे भाग मिळायचे, आणि मग गॅरेजच्या पडद्यावर गाडीला इंजिन, टायर, ब्रेक, स्प्रिंगा, गिअर, सगळं आपल्या मनाने लावता यायचं. भाऊजींचा जीव त्या गॅरेजमध्ये होता. अडचण पुढे होती. शर्यत सुरू झाली की दिवे लखलखत, चकाकत अंगावर यायचे, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की असलं लुकलुकणारं काही बघायचं नाही. गॅरेजचा पडदा शांत, तो चालेल. शर्यत नाही. म्हणजे गाडी यांनी निवडायची, यांनीच सजवायची, आणि चालवायला माणूस शोधायचा. संदीप चालवायचा, पण तो गाडी भिंतीला घासत न्यायचा आणि वर म्हणायचा, की गाडीच नीट लावलेली नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

तर मी बसले. भाऊजी पडद्याकडे पाठ करून, गॅलरीच्या दाराकडे तोंड करून पलंगावर बसले. शर्यत सुटली, बाकीच्या गाड्या भुर्रकन गेल्या, आणि मी पहिल्याच चौकात थांबले. मागून भाऊजींनी विचारलं, बंद पडली का? मी म्हटलं, "नाही. सिग्नल लाल आहे." ते इतके हसले की पलंगावरून खाली घसरले. त्या आवाजाने आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या, आणि लेक जमिनीवर बसून हसतोय हे बघून त्यांना रागवावं की रडावं ते कळेना. त्यानंतर नियम झाला, की खेळ चालू असताना खोलीचं दार उघडं ठेवायचं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की हा माणूस गाडी ऐकतो. पाठमोरे बसून ते सांगायचे, तिसऱ्या गिअरात गाडी रडतेय, दुसरा जरा लांबवायला हवा. किंवा, टायर किंचाळले, म्हणजे तुम्ही वळणात ब्रेक मारलात. मला कुठल्या वळणात भीती वाटते, हे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून समजायचं. मग शर्यत थांबवून ते वळायचे, गॅरेज उघडायचे आणि एखादी कळ इकडची तिकडे करायचे. पुन्हा पाठ, पुन्हा शर्यत. एक दिवस ते म्हणाले, वहिनी, तुम्ही वळणाच्या आधीच गिअर खाली आणता आणि बाहेर पडताना जोर लावता. हे कीबोर्डवर शिकलेलं नाही. खरं सांगा.

खरं सांगायची मला बंदी होती. लग्न ठरताना माझ्या आईने बजावून ठेवलं होतं, की मुलगी ट्रॅक्टर चालवते हे सासरी बोलायचं नाही. पण मी फवारणीचा ट्रॅक्टर घेऊन द्राक्षाच्या ओळींमधून फिरलेली, जिथे दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा आणि टोकाला जाऊन वळायचं. तिथे वेलीला धक्का लागला तर वडील जेवायच्या ताटावर आठवण काढायचे. मी हे सगळं भाऊजींना सांगून टाकलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गाडीचे गिअर माझ्या ट्रॅक्टरच्या बेताने लावलेले होते.

गाड्या निवडण्यावरून आमच्या घरात खरीखुरी भांडणं व्हायची. संदीपला भलीमोठी, लांब नाकाची गाडी हवी, तिच्यावर ज्वाळांची चित्रं, खाली निळे दिवे, मागे पंख. भाऊजींनी तिचं नाव म्हैस ठेवलं होतं. म्हणायचे, सरळ रस्त्यावर ती कुणाच्या बापाला ऐकत नाही, पण वळण आलं की पाण्यात बसते. त्यांनी माझ्यासाठी एक आखूड, मागून कापल्यासारखी दिसणारी गाडी निवडली. ती डबी. तिला ना चित्र, ना दिवा. सगळी कमाई टायर आणि ब्रेकवर. मी कुरकुर केली, की निदान रंग तरी चांगला द्या, तर म्हणाले की रंग बाकीच्यांना दिसतो, तुम्हाला आतून काय दिसणार आहे? एका रविवारी दोघा भावांची पैज लागली. एकच रस्ता, आधी संदीप म्हशीतून, मग मी डबीतून. बाबासुद्धा पेपर बाजूला ठेवून बघायला आले. म्हैस शेवटच्या वळणावर खांबाला भिडली. डबी कुणाच्याही अध्यात ना मध्यात, गपचूप आधी पोचली. संदीप संध्याकाळच्या चहापर्यंत माझ्याशी बोलला नाही, भाऊजींनी मात्र त्या दिवशी आईंकडे गोडाचा शिरा मागितला.

बाबा निवृत्त झाले आणि घरात खऱ्या गाडीची बोलणी निघाली. नवीकोरी नको, जुनी चांगली बघू असं ठरलं. बाबांना डिकीवाली हवी, संदीपला लाल. द्वारका चौकाजवळच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आम्ही सगळे गेलो, अर्थात भाऊजी रिक्षात मध्ये. बाबांना एक डिकीवाली फार आवडली होती. विकणाऱ्याने तिची चक्कर मारून आणली तेव्हा भाऊजी डोळे मिटून उभे होते. "ही नको, बाबा," ते म्हणाले. "तिसऱ्यात रडते." विकणारा हसला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच, अगदी माझ्यासमोर, त्यांना विचारलं, "मग तू सांग, कोणती?" आयुष्यभर ज्याला कुणी गॅसची शेगडी एकट्याने पेटवू दिली नव्हती, त्या माणसाला अख्ख्या घराची गाडी निवडायला सांगितली गेली. भाऊजींचे कान लाल झाले. ते एकेका गाडीपाशी जाऊन उभे राहिले, इंजिन लावायला सांगितलं, ऐकलं, आणि शेवटी कोपऱ्यातली एक लहानशी, धुरकट रुपेरी गाडी दाखवली. मी मनात म्हटलं, डबी!

खरं नाटक घरी आल्यावर झालं. चालवणार कोण, असा प्रश्न निघाला. संदीपने छाती पुढे काढली, तोच भाऊजी म्हणाले, वहिनी चालवतील, त्या ट्रॅक्टर चालवतात. झालं. माझ्याकडे सगळे असे बघायला लागले, जणू मी पूर्वी तुरुंगात होते. आईंचं म्हणणं, सून गाडी चालवणार आणि मुलगा शेजारी बसणार, लोक काय म्हणतील? भाऊजींनी त्यांना मध्येच थांबवलं. आईंना असं थांबवताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं.

"आई, मला गाडी कधीच चालवता येणार नाही. ते मी सोडून दिलंय. पण मला पुढे बसायचंय."

आई म्हणाल्या, पुढे फिट आली तर? स्टिअरिंगवर पडलास तर? त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गोळ्या वेळेवर घ्या, पट्टा घट्ट लावा, सीट मागे घ्या आणि खुशाल बसा. मी रीतसर शिकून लायसन्स काढलं. पहिल्या दिवशी दिंडोरी नाक्यापासून म्हसरूळपर्यंत भाऊजी नुसते काचेतून बघत होते. मग म्हणाले, "रस्ता एवढा रुंद असतो होय…" मला समोरचं धूसर दिसायला लागलं, म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

आई काही गाडीत बसल्या नाहीत. आम्ही निघालो की गॅलरीत उभ्या राहायच्या आणि आम्ही परत येईपर्यंत तिथेच, असं शेजारीण सांगायची. स्वतः कुठे जायचं असेल तर रिक्षा. एकदा मळ्याच्या रस्त्यावर भाऊजींना गाडीतच फिट आली. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, त्यांना कुशीवर वळवलं आणि ओसरायची वाट बघितली. पट्ट्याने त्यांना धरून ठेवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच आईंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता संपलं, उद्यापासून पुन्हा मध्ये. पुढच्या वेळी निघताना त्यांनी माझ्या हातात एक लहान उशी दिली. म्हणाल्या, मानेशी ठेव त्याच्या. तेवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

आता भाऊजींना जाऊन काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, सुटला बिचारा. मला त्या 'बिचारा' शब्दाचा फार राग येतो. ते सुटले नाहीत, ते मजेत होते. आणखी पुष्कळ वर्षं ते पुढे बसले असते आणि मला गिअरवरून टोमणे मारले असते. मला त्यांची आठवण येते, दुपारी तर फारच येते. गाडी खाली धूळ खात उभी होती. बाबा म्हणाले, विकून टाकू, कुणाला बघवत नाही. संदीप हो म्हणाला. मीही हो म्हणाले.

गेल्या मंगळवारी दुपारी आई साडी बदलून माझ्यासमोर आल्या. म्हणाल्या, गाडी काढ. कुठे जायचं विचारलं तर म्हणाल्या, "कुठेही. तो बसायचा तिथे बसायचंय मला." मी खाली जाऊन काच पुसली. आई पुढे बसल्या. पट्टा कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं, मी लावून दिला. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलो, मोठ्या रस्त्याला लागलो. मी समोर बघत होते, पण खरं म्हणजे काहीच बघत नव्हते, दुसऱ्याच गिअरमध्ये गाडी तशीच रेटत नेत होते…

"बदल आता," आई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात ज्यांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती, त्या बाई रस्त्याकडे बघत, मान जराशी कलती करून बसल्या होत्या.

"ओरडतंय ते इंजिन. इतकी वर्षं मी स्वयंपाकघरात कान लावूनच असायचे ना… तो पडल्याचा आवाज येतो का म्हणून. तर तुमच्या त्या खेळातलं हेच ऐकू यायचं रोज."

मी तिसरा टाकला. आवाज शांत झाला, आणि आई म्हणाल्या, आता बरोबर.