चॅम्पियनचं आखूड कोर्ट

घरात त्यांना चॅम्पियन म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. लग्न ठरलं त्या दिवसांत त्यांनी होणाऱ्या बायकोला बॅडमिंटनमध्ये हरवलं होतं. ती तेव्हा कॉलेजची नावाजलेली खेळाडू, कपाटभर कप जिंकलेली. आणि हे चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारे, गल्लीत दोरी बांधून खेळण्यापलीकडे अनुभव नाही. एकच गेम झाला, कारण सासऱ्यांनी जेवायला हाक मारली. त्या एका गेमवर गृहस्थांनी अख्खा जन्म काढला.

दुकानात गिऱ्हाइकाने डोळे तपासायच्या मशीनवर हनुवटी टेकवली, की यांची गोष्ट सुरू. बिचारा हलणार कुठे? बघता बघता त्या गोष्टीत प्रेक्षक वाढले, टाळ्या वाढल्या. एक म्हातारा तर नंबर पक्का होईपर्यंत तीनदा ऐकून गेला आणि चौथ्यांदा त्याने दुकानच बदललं.

पण घरच्या माणसांत मेहुणी होती, म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिच्यापुढे यांची डाळ शिजत नसे. ताईने गेम सोडला, होणाऱ्या नवऱ्याचं मन राखायला, असं ती चारचौघांत खुशाल सांगायची. बायको हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. ती आपली कपड्यांच्या घड्या घालत बसायची. चॅम्पियनच्या जिवाला हेच लागायचं. आपण खरंच जिंकलो की आपल्याला भीक घातली, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं आणि विचारायची छाती होत नव्हती.

अशात मुलीने परसात कोर्ट घालायचं मनावर घेतलं. दोघं टीव्हीसमोर बसून बसून सोफ्याला खड्डे पाडताय, उठा जरा, असं तिचं म्हणणं. कपडे वाळायच्या तारा निघाल्या, मोडक्या खुर्च्या निघाल्या, कोर्टवाल्याने जमीन खणली, खडी टाकून रोलर फिरवला, पाणी साचू नये म्हणून नावापुरता उतार देऊन काँक्रीट ओतलं. मेहुणी रोज पाहणीला यायची. काँक्रीट सुकायच्या आत तिने जाहीर केलं की पहिला सामना या दोघांचा, पंच ती स्वतः, एकदाचा काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

चॅम्पियनने मनातल्या मनात हिशेब केला. त्यांचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे आणि बायको अजून एका दमात माळ्यावर चढायची. आता हरलो तर मेहुणीचं म्हणणं खरं ठरणार आणि जन्माची कमाई एका दुपारी मातीत जाणार. मग त्यांनी डोकं चालवलं.

हिरवा रंग वाळला होता, कोर्टवाला रेघांसाठी चिकटपट्टी लावत होता. चॅम्पियन हळूच त्याच्याजवळ गेले. भिंतीकडच्या बाजूची मागची रेघ हातभर आत घ्या म्हणाले, मागे पळताना भिंतीवर डोकं आपटेल. कोर्टवाल्याने भिंतीकडे पाहिलं. ती रेघेपासून चांगली लांब होती. मग त्याने यांच्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाला. चॅम्पियन खूश. आपल्याला पळायला कमी आणि बायकोचे सवयीने मारलेले लांब फटके बाहेर. आपल्याला एवढी अक्कल आहे हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

रविवारी सामना सुरू झाला. दुसरीकडे ऊन डोळ्यांवर येतं म्हणत त्यांनी भिंतीची बाजू पटकावली. बायकोची शटल खरोखरच रेघेच्या जरा मागे पडू लागली. धापा टाकत का होईना, पहिला गेम चॅम्पियनने मारला. मुलीने टाळ्या वाजवल्या. यांनी दोन्ही हात वर केले.

"आता बाजू बदला," पंच म्हणाल्या.

चॅम्पियनचे हात वरच राहिले. त्यांचा जन्माचा सामना एकाच गेमचा, बाजू बदलायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. बरं चाललंय की, कशाला उगाच, असं ते पुटपुटले. गेम संपला की बाजू बदलतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, असं मेहुणीने ऐकवलं. आपणच खणलेल्या खड्ड्याकडे निघाल्यासारखे ते पलीकडे गेले.

पण पहिल्याच फटक्याला मागे धावले तर रेघ अपेक्षेपेक्षा लवकर पायाखाली आली. त्यांनी वाकून नीट पाहिलं. तीही हातभर आत होती. शटलचं पीस सरळ करायच्या निमित्ताने त्यांनी बायकोला जाळीपाशी बोलावलं.

"अगं, इकडचीही रेघ आत आहे."

"असणारच. कोर्टवाल्याने मला विचारलं, एकच बाजू आखूड का. म्हटलं, दुसरीही तेवढीच करा. माझा खांदा वर जात नाही हल्ली, कुणाला बोलले नाही इतकंच."

चॅम्पियनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा तरी सगळ्यांसमोर खरं जिंकायचं होतं गं, असं ते कसंबसं म्हणाले. बायको जाळीचा दोरा चाचपत राहिली.

"तेव्हाचंही खरंच होतं," ती म्हणाली. "जीव तोडून खेळले आणि हरले. धाकटीने सोडला म्हणून उठवलं, मला बरं वाटलं. मी गप्प बसले."

चॅम्पियनला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली. एवढी वर्षं जी गोष्ट खोटी असेल या धास्तीने ते फुगवून सांगत होते, ती खरी होती.

"हे तिला सांग. आत्ता, मोठ्याने."

"सांगते की. आधी तुम्ही रेघांचं सांगा."

त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंच शिट्टी तोंडात धरून वाट बघत होत्या. चॅम्पियन मुकाट्याने आपल्या जागी गेले.

दुसरा गेम बायकोने जिंकला आणि तिसरा दोघांचाही दम संपल्याने अर्ध्यावरच राहिला. मेहुणी खुर्चीवरून उठली आणि टॉवेल देत म्हणाली, "ताई, मघाचा पहिला गेम तू सोडलास ना?"

बायको पाणी पीत राहिली.

"सोडला असेल बुवा," चॅम्पियन म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना.