डॉक्टरांचं अंगण

एसटी सुटायला तासभर अवकाश होता, तेवढ्यात आई मला बॅगेसकट गावच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला काहीही झालं नव्हतं. पण आमच्या घरातलं कोणी मुंबईला निघालं की देवाला नारळ आणि डॉक्टरांना नमस्कार, हे ठरलेलं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, चहा मागवला आणि आईचं सगळं ऐकून घेतलं. पोरीचा उन्हाळ्यात घोळणा फुटतो, तिला रताळं बाधतं, जेवताना घासाघासाला पाणी पिते. निघताना ते म्हणाले, "तिकडे कोणी एवढं ऐकत नाही हो. दुखणं घेऊन इकडेच ये." बाहेर अंगणात रातांब्याच्या झाडाखाली बरीच माणसं बसली होती. त्यांच्यामधून वाट काढत आम्ही स्टँडवर आलो.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, दोघांनाही हे सांगतेय, कारण डॉक्टरांचं ते वाक्य मी इथे वर्षानुवर्षं वापरलं. दहिसरला लिफ्टची बिल्डिंग आली, ऑफिसचं कार्ड गळ्यात आलं, मुलगी घरात निम्मं इंग्रजी बोलायला लागली. तरी डॉक्टरचा विषय निघाला की मी म्हणायचे, ऐकावं तर आमच्या गावच्या डॉक्टरांनी.

यंदा आईला चक्कर यायला लागली म्हणून तिला इकडे आणलं. बाबा गेल्यापासून ती गावी एकटी असते आणि पाणी विहिरीचं. रहाट ओढताना तोल गेला तर काय, या एका विचाराने माझी झोप उडाली होती.

चेकनाक्याच्या अलीकडे एक पॉलीक्लिनिक आहे. टोकन घ्यायचं, स्क्रीनवर नंबर लागला की आत जायचं. डॉक्टर चाळिशीचे असतील, नजर कॉम्प्युटरवर. चक्कर कधीपासून, असं त्यांनी विचारलं आणि आईने सुरुवात केली ती गणपतीपासून. मोदक वळत होते, शेजारची वहिनी आली, तिला पाट द्यायला उठले... "आजी, थोडक्यात सांगा. उठताना येते की झोपताना?" मग मीच भराभरा उत्तरं दिली. गोळ्या लिहून मिळाल्या, चार दिवसांनी दाखवायला सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील.

रिक्षात आई म्हणाली, "त्याने माझा ऐकानच घेतला नाय. मी गावाक जातंय. आपले डॉक्टर बघतले." रविवारचं तिकीट काढ म्हणून हट्ट धरून बसली. मी डॉक्टरवर चिडले, आईवर चिडले आणि तिकीट काढलं.

ती चीड ओकायला मी सुमनकडे गेले. सुमन आमच्याच गावची, पण खालच्या वाडीतली. शाळेत एका वर्गात होतो, आता समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. मला वाटलं होतं, तीही दोन शिव्या घालेल. ती शांतपणे भाकरी थापत म्हणाली, "मला तर बरा वाटतो गं तो. माझा नंबर लागला की मीच आत जाते. समोर खुर्ची असते, मी बसते."

"आणि ऐकणं?"

"तुमचं ऐकायचे गावचे डॉक्टर. आम्हाला अंगण होतं ना. ते ओटीवरून विचारायचे, आम्ही खालून ओरडून सांगायचं. औषध पायरीवर ठेवायचे. माझ्या बाबांना लघवीचा त्रास होता. एवढ्या बायाबापड्यांसमोर कसं सांगणार? खोकला येतो म्हणाले. दोन वर्षं माझा बाप खोकल्याचं औषध प्यायला, यार." ती हसली. मला हसता येईना.

घरी आल्यावर आईला विचारलं, खालच्या वाडीच्या लोकांना डॉक्टर आत का घेत नव्हते? ती म्हणाली, "तसा काय नव्हता. त्यांका भायरच बरा वाटायचा." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली, मी काही विचारलेलं नसताना.

तेव्हापासून माझा पुरता गोंधळ उडालाय. ज्या डॉक्टरने आईचा अपमान केला असं मला वाटलं, त्याच्याकडे सुमनला मान मिळतो. ज्यांनी मला चहा दिला, त्यांच्या दारात तिचा बाप खोकल्याचं औषध घेऊन परतला. ते डॉक्टर आमचं ऐकत होते की आमच्या आडनावाचं? बरं, नंबराने बोलावलं म्हणजे झालं का? पाच मिनिटांत कोणाचं दुखणं सांगून होतं?

निघण्याआधी एकदाच चल, असं म्हणून शनिवारी आईला परत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कधी पडलात का?" मी म्हटलं, नाही, पडली नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाय." डॉक्टरांनी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवरची नजर काढली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा."

दार बंद झालं. मी बाकड्यावर बसले. बाहेरची माणसं माझ्याकडे बघत होती, नंबर पुढे का सरकत नाही म्हणून कुरकुरत होती. आतून आईचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा तर ती हसल्यासारखी वाटली. आपल्याच आईचं दुखणं आणि आपण बाहेर, म्हणजे काय होतं ते मला तिथे बसल्यावर कळलं.

खूप वेळाने ती पदर सावरत बाहेर आली. हातात तपासण्यांचा कागद होता.

"पडली होतीस तू?"

"त्यांनी इचारल्यानी, मी सांगलंय."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुका सांगलंय असतंय, तर तू माका गावच्या घराक कुलूप लावूक लावलं असतंस." आणि रिक्षाला हात करत म्हणाली, "तिकीट रद्द कर. तपासण्या होयपर्यंत रवतंय."

जिथे आपलं ऐकतात ते घर, असं मी मुलीला सांगत आले. आता सांगताना अडखळते. माझ्या घरात माझ्या आईला पडले म्हणून सांगता आलं नाही. गावी आता त्या डॉक्टरांचा मुलगा बसतो म्हणे. तुम्ही तिथे आहात म्हणून विचारते. अंगणात अजून कोणी बसतं का?