शेती की वकिली, एक काय ते ठरव म्हणे!

आज ग्रामसभेतून चिडूनच घरी आलेय.

आमच्या हिराकाकूचं डोंगरउतारावरचं वावर ‘पडीक’ दाखवून बंगल्यांसाठी घ्यायचं चाललंय. नाचणीनंतर तिथली माती काही वर्षं मोकळी ठेवावीच लागते, हे मी शेतीच्या पदवीत शिकले. आता कायद्याची पदवी करतेय, म्हणून हरकतीची मुदत उद्या संपते हेही लक्षात आलं. दोन्ही गोष्टी सभेत सांगितल्या.

सरपंच हसले. “ताई, घरातली पयली पदवीधर तू. शेती का वकिली, आदी एक ठरव!”

काकू ताडकन उठली. “तिला दोनी कळतंय, म्हनून तर तुमी तिला गप करताय.”

हरकत लिहून झालीय. खाली काकूची एकटीचीच सही आहे. उद्या सकाळी पौडच्या तहसील कचेरीत आमच्यासोबत कोण येतंय?