सतरा नंबरची ट्यूब

“अ‍ॅडिसन्स डिसीज,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला मी काय समजावून सांगणार, मॅडम?”

सांगलीच्या दवाखान्यात आयसीयूच्या दाराशी मी उभी होते. आत माझी थोरली बहीण, आक्का. तिचा रक्तदाब लागत नव्हता. सोळा वर्षं मी इथल्याच विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत थायरॉइडवर आणि ह्याच रोगावर संशोधन करतेय, आणि घरातच आलेला मला दिसला नाही. आग लागो त्या डिग्रीला!

तुमच्या घरी हे आलं तर कळावं, म्हणून साधं सांगते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रिनल. त्यांतून कॉर्टिसोल येतं. ताप, उलट्या, मार अशा वेळी तेच माणसाला उभं ठेवतं. अँटिबॉडी म्हणजे शरीराचे राखणदार. अ‍ॅडिसन्ससारख्या ऑटोइम्यून आजारात हे राखणदार घरच्याच माणसाला चोर समजून बडवतात. कधी थायरॉइडला, कधी अ‍ॅड्रिनलला.

आम्ही धनगर. आक्का जतकडे दिलीय, तिच्या घरी अजून मेंढरं आहेत. दोन वर्षं ती दमत होती, काळवंडत होती. मी म्हणाले, उन्हानं. तळहाताच्या रेषासुद्धा काळ्या पडल्या होत्या, आणि तळहाताला कुठलं ऊन लागतंय? ती ह्याच रोगाची खूण होती. मेंढरांसाठी आणलेलं खडेमीठ ती येता-जाता तोंडात टाकायची. दिवाळीला मी थट्टा केली, “आक्के, आता मेंढरांसंगं चरायलाच जा.” सगळे हसले, तीही हसली. अंगातलं मीठ लघवीवाटे चाललं होतं, म्हणून अंग मीठ मागत होतं. हे मी भाषणांत सांगते हो, स्लाइड आहे माझ्याकडे!

मग ताप आला. दोन दिवस उलट्या. दाजींनी जीपमधून सांगलीला आणेपर्यंत तिची शुद्ध गेली होती.

हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे बाहेरून दिलेलं कॉर्टिसोल, आणि सलाईन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, “उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.” दाजी बाकड्यावर माझ्या शेजारी बसले होते. “तू ह्येच शिकलीयास न्हवं? मग सांग की, वाचंल का न्हाई?”

दुपारी एकदम डोक्यात आलं. पीएचडीच्या वेळी रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त लागायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. तेव्हा आक्काचं रक्त मी स्वतः घेतलं होतं. सतरा नंबरची ट्यूब.

प्रयोगशाळेत जाऊन जुनी वही काढली. सतराच्या पुढे अ‍ॅड्रिनल अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. त्यावर लाल शाईची काट. शेजारी माझंच अक्षर: ‘नमुना खराब. वगळला.’

नमुना खराब नव्हता. मी तो परत तपासलासुद्धा नव्हता. आक्का दोन घागरी घेऊन चढण चढते, तिला काय धाड भरलीय, एवढंच मनात आलं होतं. ही अँटिबॉडी रोगाच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकते, हेच तर माझ्या प्रबंधाचं म्हणणं होतं. मी तिथंच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले.

तिसऱ्या दिवशी आक्कानं डोळे उघडले. गोळ्या आता जन्मभर. डॉक्टरांनी बजावलं, “एक दिवसही चुकवायची नाही. ताप आला तर डोस वाढवायचा. उलट्या झाल्या तर इंजेक्शन घेऊन तडक दवाखाना.” तुम्हीही कुठंतरी लिहून ठेवा.

त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे पाय धरावेसे वाटले. पण आक्काच्या तोंडाकडे बघवेना.

चौथ्या दिवशी वही घेऊन तिच्यापाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ‘जाऊ दे, वाचले न्हवं’ असं काहीतरी म्हणेल. तिनं वहीतल्या लाल शाईवर बोट ठेवलं.

“म्हंजी तुला कवाच कळलं हुतं.”

“व्हय.”

“आन तू खोडलंस.”

“व्हय, आक्का.”

तिनं सलाईन नसलेला हात पुढं केला, काळ्या रेषांचा तळवा वर करून.

“घे, नंदे. पुन्यांदा काढ रगत. ह्या खेपंला परक्या बाईचं हाय आसं समजून बघ.”