बुटातला खिळा

बाबा घुग्घुसच्या कोळसा खाणीत होते. एकदा पाळी संपवून आले, ओट्यावर बसून बूट काढले, तर डाव्या पायाचा मोजा रक्तानं तळव्याला चिकटलेला. आईनं बुटात हात घातला आणि झटकन मागं घेतला. तळातून खिळा वर आला होता.

"दिवसभर टोचला नाई तुमाले?"

"नाई. मले तं काई समजलंच नाई."

हळद भरली, पट्टी बांधली. पण जखम भरेना. कडा पांढऱ्या, टणक झाल्या आणि मधलं भोक ओलंच राहिलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, खाणीतल्या पाण्यानं पाय कुजतात. आम्ही मान डोलावली. पण पाय दुखत का नाही, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे न दुखणाऱ्या जखमेचा एकच अर्थ लावत. महारोग.

मी तेव्हा दहावीत होते. बाबा न्हाणीतून उघडे बाहेर आले की मी त्यांच्या पाठीवर चट्टे शोधायची. बाबांनी आपलं ताट आणि गिलास वेगळा ठेवायला सुरुवात केली. जेवण झालं की स्वतःच धुवायचे. आईनं काही दिवस पाहिलं. मग एका संध्याकाळी ते ताट उचलून बाकीच्या ताटांत ठेवलं.

"उद्या चंद्रपूरले जाऊ," ती म्हणाली. "जे असन ते असन."

दवाखान्यात बाबांनी पट्टी सोडून पाय पुढे केला. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पायांवरून कापसाचा बोळा फिरवला. लागला की "हो" म्हणायचं. गुडघ्यापाशी बाबा "हो" म्हणाले. घोट्याखाली, दोन्ही पायांना, काहीच म्हणाले नाहीत. मग डॉक्टरांनी अंगावर कुठे चट्टे आहेत का ते पाहिलं, कोपरामागच्या नसा चाचपल्या.

"तहान फार लागते?"

"लागते. लघवीलेही सारखं जा लागते."

निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवली. औषध विटेसारखं लाल झालं.

"लघवीत साखर आहे. मधुमेह," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे तो रोग नाई?" आईनं विचारलं.

"नाही. तो असता तरी त्यालाही औषध आहे. पण हे हलकं समजू नका. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात. आता पाय तुम्हाला काही सांगणार नाही. रोज डोळ्यांनीच बघावं लागेल."

घरी येताना बसमध्ये आई हलकेच रडली. सुटल्यासारखं वाटलं होतं आम्हाला. पण पू करंगळीपर्यंत गेला आणि ती कापावी लागली. जखम भरायला दिवाळी उजाडली. बाबांना खाणीच्या वरचं काम मिळालं. आई रोज दिवेलागणीला त्यांचे तळवे उजेडात धरून बघायची, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा विहारात गेले. चपला बाहेर काढून भर दुपारी आवारातल्या तापलेल्या फरशीवरून चालत आत गेले आणि वंदना करून घरी परतले. पाणी मागितलं, पंख्याखाली बसले. आईनं पाय उचलून पाहिले. दोन्ही तळव्यांना मोठाले फोड आले होते.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

आईनं ते पाय मांडीवर घेतले आणि मला चंद्रपूरच्या बसची वेळ विचारून यायला सांगितलं.