निळा पंजाबी ड्रेस

माझी धाकटी बहीण उलव्याला एका बिल्डरच्या साइट ऑफिसात कामाला होती. तिथल्या सुपरवायझरनं एके दुपारी तिच्यावर हात टाकला. फाटलेल्या ड्रेसवर ओढणी घट्ट लपेटून ती कोन गावाला आईकडं न जाता माझ्याकडं आली, विचुंब्याला. मी थोरली, शिकलेली, म्हणून आली असणार.

माझं शहाणपण बघा. पाणी तापवून आधी तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. आमच्यात पोर बाहेरून भेदरून आली की हेच करतात. मग तो निळा ड्रेस साबणात भिजवला आणि ब्रशनं खसाखसा घासला. सगळं मायेनं चाललं होतं, आणि घासता घासता मी विचारत होते, "तू एकटी त्याच्या केबिनमध्ये गेलीस कशाला?"

"त्यानं बोलावलं म्हनून."

मी फोन केला तशी संध्याकाळी आई आली. "कुनाला बोलली नाय ना? लगीन व्हायचं हाय तुजं." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. त्या माणसाचं नावसुद्धा आम्ही दोघींनी विचारलं नाही.

सकाळी बहीण स्वतःच तयार होऊन बसली. "मला तक्रार द्यायची हाय. तुमी काय बोलू नका, नुसत्या बाजूला बसा."

एवढंच मागितलं होतं तिनं.

चौकीत हवालदार बाईंनी कालचे कपडे मागितले. मी धुतले म्हटल्यावर त्यांचा पेन थांबला. क्षणभर माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "गेले ते गेले. पोरगी सांगतेय ना? मी जबाब लिहून घेते. बोल बाळा."

बहीण बोलायला लागली. हळू, पण नीट बोलत होती. चौथ्या-पाचव्या वाक्याला आईनं मला कोपर मारलं.

"राहू द्या मॅडम," मी म्हणाले. "पुरावाच नाही, तर उगाच पोरीची बदनामी."

खोटं कशाला बोलू, ते म्हणताना मला हायसं वाटलं. धुतलेले कपडे ऐन वेळी कामाला आले होते. अजून त्याची लाज वाटते.

बाईंनी बहिणीलाच विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

तिनं ओढणी सारखी केली. माझ्याकडं बघितलं नाही.

"ताई म्हनते तसं," ती म्हणाली.