नर्सबाई नावं ठेवायला शिकली

तीस-एकतीस साल असेल. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात मी दवाखान्याची झाडलोट करीत होते. मुंबईहून बोटीने एक नवी नर्सबाई आली. एका कोळिणीचं दहा महिन्यांचं पोर अजून बसत नव्हतं, म्हणून ती त्याला दवाखान्यात घेऊन आली. बाईंनी त्याला पाहताच म्हटलं, "किती गोड, गुटगुटीत बाळ!" आईने पोर पदराखाली झाकलं आणि तडक घर गाठलं. दृष्ट लागेल या भीतीने ती त्याला उजेडातही आणत नव्हती, आणि या बाईंनी चारचौघांत कौतुक केलं.

मी बाईंना सांगितलं, "पोराला नावं ठेवा, तरच ती तुमच्या हातात देईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या दारात गेलो. बाई चाचरत म्हणाल्या, "काय गं हे तुझं माकड?"

कोळीण खदखदून हसली. "बापावर गेलाय मेला!" म्हणत तिने पोर बाईंच्या मांडीवर टाकलं.

बाईंनी पाय चाचपले. "हाडं कच्ची आहेत. मुशी माशाचं तेल पाज आणि रोज सकाळी उन्हात ठेव."

"दृष्ट लागंल न्हाय का?"

"या थोबाडाला?"

ते तिला पटलं. शिमग्याला पोर वाळत्या मासळीशेजारी बसून वाळू खात होतं.